टँक बदलताना मासे थेट नव्या टँकमध्ये सोडावेत का? (खाऱ्या पाण्यातले आजार आणि स्थलांतर)

सागरिका (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. त्यात मासे म्हणजे क्लाउनफिशची जोडी, एक यलो टँग, एक सिक्स-लाइन रास, एक फायरफिश आणि एक मँडरीन. शिवाय थोडे झोअँथिड आणि एक टोडस्टूल लेदर (हे दोन्ही प्रवाळ), गोगलगायी, हर्मिट खेकडे आणि एक क्लीनर कोळंबी. टँग आता चांगला वाढलाय, त्याला पोहायला जागा हवी, म्हणून ५०० लिटरचा टँक घेतला आहे. संप (खालची गाळणीची टाकी), स्किमर (फेसातून मळ काढणारं यंत्र), पंप सगळं बसवून झालंय. गोडं पाणी भरून गळती तपासली, आता पाणी काढून मिठाचं पाणी भरायचं आहे.

काळजी एकाच गोष्टीची आहे. टँगच्या अंगावर अधूनमधून मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात आणि दोन-तीन दिवसांत आपोआप जातात. तो खातो नीट, पोहतो नीट. बाकी माशांवर कधी काही दिसलेलं नाही. पण हा त्रास नव्या टँकमध्ये न्यायचा नाही असं मी पक्कं ठरवलं आहे.

विचारायचं असं : मासे एका दिवसात उचलून थेट नव्या टँकमध्ये सोडले तर चालेल का? जुने दगड आणि प्रवाळ तर न्यावेच लागतील, त्यांतून आजार जातो का? आणि एक रॉयल ग्रामा व एक कोल टँग आणायचा विचार आहे, ते आधी आणू की नंतर?

कल्पवृक्ष

वाचतोय. मलाही पुढे हेच करायचं आहे, त्यामुळे सगळे प्रतिसाद मोलाचे ठरतील.

दर्यावर्दी

सागरिकाताई, घाई करू नका. तुम्ही अगदी योग्य वेळी विचारलंत.

ते ठिपके 'आपोआप गेले' असं दिसतं, पण ते गेलेले नसतात. तो परजीवी म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, ज्याला आपण मरीन इक किंवा व्हाइट स्पॉट म्हणतो. ठिपका दिसतो तेव्हा परजीवी माशाच्या कातडीच्या आत बसून खात असतो. साधारण ३ ते ७ दिवस खाऊन झालं की तो मासा सोडतो, खाली उतरतो आणि वाळूवर, दगडावर, काचेवर, पंपाच्या टोपणावर, जिथे जागा मिळेल तिथे चिकटून स्वतःभोवती कोश बांधतो. मासा स्वच्छ दिसायला लागतो आणि आपल्याला वाटतं बरा झाला. आत त्या एका कोशात विभाजन चालू असतं. कोश फुटला की शेकड्याने पिल्लं बाहेर पडतात, बहुतेक वेळा रात्रीच्या अंधारात, मासे एका जागी निजलेले असताना. त्यांना काही तासांत मासा गाठावा लागतो, नाहीतर ती मरतात. २०० लिटरमध्ये मासा गाठणं त्यांना अजिबात अवघड नाही.

आता तुमच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर याच चक्रात आहे. मासे थेट नेले तर कातडीतले परजीवी माशांबरोबर जातील. दगड नेले तर कोश दगडांबरोबर जातील. दोन्ही एकाच दिवशी नेलेत तर जुनं चक्र नव्या टँकमध्ये एकही दिवस न मोडता चालू राहील. वर पकडापकडी, नवी जागा, नवा प्रवाह या ताणामुळे माशांची प्रतिकारशक्ती नेमकी त्याच आठवड्यात खालावलेली असेल.

पण हाच तुमच्यासाठी सोन्याचा मोका आहे. भरलेल्या टँकमधून मासे पकडणं किती कठीण असतं ते आपल्याला माहीत आहे, दगडांची सगळी रचना मोडावी लागते. तुम्ही ती तशीही मोडणारच आहात. तेव्हा मासे आणि दगड यांची त्या दिवशी ताटातूट करा. दगड, प्रवाळ, गोगलगायी, खेकडे, कोळंबी नव्या टँकमध्ये. मासे सगळेच्या सगळे क्वारंटाइन टँकमध्ये (मासे वेगळे ठेवायच्या साध्या टँकमध्ये) उपचाराला. नवा टँक माशांविना रिकामा चालू ठेवा. मासाच मिळाला नाही की कोशातून निघालेली पिल्लं उपाशी मरतात. मासे इकडे बरे होतात, टँक तिकडे स्वच्छ होतो आणि मग दोघांची भेट होते.

टँक किती दिवस माशांविना ठेवायचा? बहुतेक कोश ३ ते २८ दिवसांत फुटतात, पण ७२ दिवसांपर्यंत तग धरल्याची नोंद आहे. त्यावर थोडी भर घालून ७६ दिवस हा आकडा रूढ झाला आहे. पाणी उबदार, म्हणजे २७ अंशांच्या आसपास कायम ठेवलं तर चक्र वेगाने फिरतं, म्हणून काही अनुभवी लोक सहा-साडेसहा आठवड्यांवर थांबतात. मी स्वतः ७६ सांगेन, कारण टँगसारखा मासा तुमच्याकडे आहे आणि या आजाराला टँग फार लवकर बळी पडतात.

संथ_लाट

दर्यावर्दींबद्दल आदर आहे, पण दुसरी बाजूही मांडतो. अडीच महिने मासे प्लास्टिकच्या पाइपांमध्ये ठेवायचे, तांब्याचं औषध घालायचं, हा ताण काही कमी नाही. कितीतरी जुने रीफ टँक व्हाइट स्पॉट असूनही वर्षानुवर्षं छान चालले आहेत. आजारातून वाचलेल्या माशांमध्ये काही महिने टिकणारी प्रतिकारशक्ती येते, हेही सिद्ध झालेलं आहे. यूव्ही दिवा (ज्यातून टँकचं पाणी फिरवतात तो) बसवा, दिवसातून तीनदा विविध खाणं द्या, भांडणं होऊ देऊ नका. सागरिकाताईंचा टँग तेच दाखवतोय : ठिपके येतात, जातात, मासा खातो.

मँडरीनचा विचार तर आधी करा. तो दिवसभर कोपेपॉड (पाण्यातले अगदी बारीक जीव) टिपत फिरणारा मासा. उघड्या-बोडक्या क्वारंटाइन टँकमध्ये तो आजाराने नाही, उपासमारीने मरेल.

दर्यावर्दी

संथ_लाट, तुमचा मँडरीनचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्याच्यासाठी वेगळी वाट आहे, खाली लिहितो.

प्रतिकारशक्तीचंही खरं आहे. पण ती अर्धवट असते, कायमची नसते आणि ती त्या माशापुरती असते. ताईंना दोन नवे मासे आणायचे आहेत. नव्या कोल टँगकडे ती प्रतिकारशक्ती नसेल. जुने मासे स्वतः ठणठणीत दिसत परजीवी पोसत राहतील आणि नवा मासा आल्या आल्या त्याच्या तोंडी जाईल. 'जुन्यांना काही झालं नाही, नवाच कमजोर निघाला' असं आपण म्हणतो, त्यामागे बरेचदा हेच असतं.

यूव्हीबद्दल : त्यातून जेवढं पाणी जातं तेवढ्यातलीच पिल्लं मरतात. परजीवींची संख्या खाली राहते, संपत नाही. चालू टँकमध्ये मी यूव्ही लावायला जरूर सांगेन, पण हा उपचार नाही.

आणि मला सगळ्यात जास्त भीती व्हाइट स्पॉटची नाही, व्हेल्वेटची वाटते. त्याच्याशी जुळवून घेत जगता येत नाही.

मीनाक्षी

व्हेल्वेट आणि व्हाइट स्पॉट डोळ्यांनी वेगळे कसे ओळखायचे? दोन्हीत ठिपकेच असतात ना?

शिंपला

मी मत्स्यपालनात काम करते आणि माशांचे कल्ले सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हा माझ्या कामाचा भाग आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

व्हेल्वेट म्हणजे अमायलूडिनियम ओसेलेटम. हा डायनोफ्लॅजेलेट गटातला जीव आहे. चक्र व्हाइट स्पॉटसारखंच आहे : माशावर खाणं, खाली कोश, कोशातून पोहणारी पिल्लं. पण एका कोशातून २५६ पर्यंत पिल्लं निघू शकतात आणि सगळं फार झटपट होतं. शिवाय पहिला हल्ला बहुधा कल्ल्यांवर असतो. अंगावर काही दिसण्याआधीच मासा गुदमरायला लागतो. म्हणून व्हेल्वेटमध्ये ठिपके शोधत बसू नका, श्वास बघा. मासा जोरजोरात कल्ले हलवतोय, पंपाच्या प्रवाहात तोंड घालून एका जागी उभा आहे, उजेड टाळतोय, काल खात होता आणि आज तोंड फिरवतोय, ही व्हेल्वेटची लक्षणं. अंगावर धूळ दिसते ती शेवटी, आणि तीही टॉर्च तिरका धरला तरच : फार बारीक, सोनेरी-करडी. व्हाइट स्पॉटचे दाणे मोजता येतात, व्हेल्वेटचे मोजता येत नाहीत. धूळ दिसल्यावर एक-दोन दिवसांत टँक रिकामा झालेला मी पाहिला आहे.

तिसरा ब्रूकलिनेला, हा मुख्यतः क्लाउनफिशचा. अंगावरून पांढरट बुळबुळीत थर सुटायला लागतो, कातडी सोलल्यासारखी दिसते. याला तांब्याचा उपयोग नाही, फॉर्मलिन लागतं. चौथा युरोनेमा, क्रोमिस माशांच्या कुशीवर लालसर जखमा दिसतात तो. हा माशांविनाही सडक्या कचऱ्यावर जगू शकतो, म्हणून टँक रिकामा ठेवून तो जात नाही. त्याला अडवायचं तर नवा मासा घेतानाच नीट बघा, लाल डाग असलेला क्रोमिस आणूच नका.

फ्लूक म्हणजे चपटे कृमी. मासा दगडाला अंग घासतो, डोळे धुरकट होतात, डोकं झटकतो. अंगावर ठिपका मात्र दिसत नाही, कारण ते जवळपास पारदर्शक असतात.

आणि एक न घाबरण्यासारखं : परांवर फुलकोबीसारखी पांढरी गाठ आली तर ती बहुतेक वेळा लिम्फोसिस्टिस या विषाणूची असते. औषध नाही, गरजही नाही. ताण कमी झाला की जाते. त्यासाठी माशाला औषधांच्या पाण्यात ढकलू नका.

कल्पवृक्ष

शिंपलाताई, वाचनखूण साठवली. लसूण घातलेलं खाणं आणि क्लीनर कोळंबी यांनी इक जातो असं सगळीकडे वाचलंय, ते?

शिंपला

लसणाने मासा खायला येत असेल तर घाला, पण परजीवी त्याने मरत नाही. क्लीनर कोळंबी मेलेली कातडी आणि अंगावरचे मोठे परजीवी टिपते. इक कातडीच्या आत असतो, व्हेल्वेट कल्ल्यांत. तिथे तिचा चिमटा पोहोचत नाही.

सागरिका (धागाकर्ती)

बापरे, एवढं सगळं माहीत नव्हतं. दर्यावर्दीदादा, ताटातूट पटली. आता क्वारंटाइन टँक कसा लावू ते सांगा. आणि मँडरीनची वेगळी वाट कोणती?

दर्यावर्दी

लिहितो. जरा लांबेल.

टँक : सहा मासे आणि त्यात मोठा टँग, म्हणजे शंभर लिटरच्या खाली जाऊ नका. दोन छोटे टँक करता आले तर आणखी बरं, कारण सिक्स-लाइन रास अरेरावी करतो आणि लहान जागेत फायरफिशला कोपऱ्यात दाबून ठेवेल. एकच टँक असेल तर मधे जाळीचा पडदा घाला. फायरफिश उडी मारतो, झाकण हवंच. तळाला काही नाही. वाळू आणि दगड तांबं शोषून घेतात, मग औषधाची मात्रा कधीच स्थिर राहत नाही. लपायला पीव्हीसीचे कोपर आणि पाइपचे तुकडे. हीटर, थर्मामीटर, हवेचा पंप, स्पंज फिल्टर. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा.

जागा : नव्या टँकपासून निदान ३ मीटर लांब. व्हेल्वेट हवेतल्या तुषारांतून पसरू शकतो असं प्रयोगात दिसलं आहे, आणि आपले हवेचे दगड (पंपाची हवा बुडबुड्यांत सोडणारे) व स्किमर तुषार उडवतच असतात. जाळी, बादली, टॉवेल, सायफनची नळी, सगळं दोन्हीकडे वेगळं. आधी नव्या टँकचं काम उरका, मग क्वारंटाइनचं, उलट क्रम कधीही नको.

अमोनिया : क्वारंटाइनमध्ये मासे मरतात त्यात औषधापेक्षा अमोनियाचा वाटा मोठा असतो, हे मला फार कळकळीने सांगायचं आहे. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो. त्या पीएचला अमोनियाचा विषारी भाग गोड्या पाण्यापेक्षा बराच जास्त असतो. म्हणून स्पंज आजच तुमच्या जुन्या संपमध्ये टाकून ठेवा. चार-सहा आठवड्यांत त्यावर नायट्रिफाय करणारे, म्हणजे अमोनिया पचवणारे जीवाणू बसतील. रोज अमोनिया मोजा आणि पाणी बदलायला तयार ठेवा. मात्र एक लक्षात ठेवा : अमोनिया बांधून ठेवणारी जी रसायनं बाटलीत मिळतात, ती तांब्याचं औषध चालू असताना वापरू नका. त्यातली काही तांब्याचं रूपच बदलतात आणि ते माशांना जास्त विषारी ठरतं. तांबं चालू असताना अमोनियावर पाणी बदलणं हाच उपाय, आणि नवं पाणी घालताना तेवढ्या प्रमाणात औषध आधीच मिसळून.

तांबं : दोन प्रकार मिळतात, आयनिक (सुटं तांबं) आणि चिलेटेड (दुसऱ्या रसायनाशी बांधलेलं). दोघांची मात्रा पूर्ण वेगळी. चिलेटेडची साधारण २ ते २.५ पीपीएम असते, आयनिकची त्याहून खूप कमी. एकाची मात्रा दुसऱ्याला लावली तर मासे मरतात किंवा परजीवी मरत नाही. बाटलीवरचं वाचा आणि त्याच प्रकारचं तांबं मोजणारी चाचणी घ्या, शक्यतो आकडा दाखवणारी. रंग जुळवायच्या चाचण्यांत इतका बारीक फरक कळत नाही. मात्रा दोन-तीन दिवसांत हळूहळू वर न्या. एकदा पोहोचली की खाली येऊ देऊ नका. तांबं फक्त पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. कातडीतल्याला आणि कोशातल्याला काही होत नाही. त्यामुळे मधे एक दिवस जरी मात्रा पडली तरी त्या दिवशी निघालेली पिल्लं सुखरूप मासा गाठतात.

पूर्ण मात्रेत १४ दिवस झाले की मासे दुसऱ्या, कोरड्या करून नव्याने भरलेल्या टँकमध्ये हलवा. तेव्हा जुना स्पंज घेऊ नका, त्यावर कोश असू शकतात. दुसरा टँक शक्यच नसेल तर त्याच टँकमध्ये ३० दिवस तांबं ठेवा. मला पहिली पद्धत जास्त भरवशाची वाटते.

त्यानंतर फ्लूकसाठी प्राझिक्वांटेल. अंड्यांवर त्याचा परिणाम होत नाही, म्हणून ५ ते ७ दिवसांनी दुसरी मात्रा. या काळात हवा जोरात सोडा, पाण्यातला ऑक्सिजन खाली येतो. रास जातीचे काही मासे या औषधाला नाजूक असतात, तेवढे दिवस त्याच्यावर नजर ठेवा.

मग उरलेले दिवस नुसतं निरीक्षण. कुठलंही औषध नाही, भरपूर खाणं.

मँडरीन : त्याच्या अंगावर जाड चिकट थर असतो, त्याला इक सहसा धरत नाही. पण तो वाहक होऊ शकतो, म्हणून त्याला वगळता येत नाही. त्याच्यासाठी टँक-ट्रान्स्फर पद्धत. कोशातून पिल्लं निघायला निदान तीन दिवस लागतात. म्हणून मासा दर ७२ तासांच्या आत एका छोट्या टँकमधून दुसऱ्या कोरड्या, स्वच्छ टँकमध्ये हलवायचा, असं चार वेळा. त्याच्या अंगावरून पडलेले कोश प्रत्येक वेळी मागे राहतात. १२ दिवसांत इक सुटतो, औषधाचा थेंबही लागत नाही. दोन छोटे टँक आलटून पालटून वापरायचे, मधल्या वेळात सगळं धुऊन पूर्ण सुकवायचं. हलवताना मासा हाताने किंवा भांड्याने, पाणी शक्य तितकं कमी. ध्यानात ठेवा, या पद्धतीने व्हेल्वेट, ब्रूकलिनेला आणि फ्लूक जात नाहीत. मँडरीनला जिवंत कोपेपॉड आणि आर्टेमिया दिवसातून अनेकदा टाका, आणि तो गोठवलेलं खायला शिकलाय का ते हलवायच्या आधीच पाहून ठेवा. शिकला नसेल तर ते शिकवल्याशिवाय स्थलांतराचा दिवस ठरवू नका.

संथ_लाट

हे असं केलं तर माझा विरोध नाही. माझी हरकत घाईघाईने तांबं ओतण्याला होती. स्पंज आधी तयार करणं आणि मँडरीनची वाट वेगळी ठेवणं हे दोन्ही असेल तर मासे निभावतील.

एक विचारतो, हायपोसॅलिनिटी (पाण्यातला क्षार उतरवून उपचार) का नको? तांब्यापेक्षा सौम्य आहे.

शिंपला

नको असं नाही. घनता १.००९ पर्यंत उतरवून ती चार आठवडे काटेकोर सांभाळली तर बहुतेक इक जातो, फ्लूकही बऱ्यापैकी जातात. पण इकचे काही वाण कमी क्षार सहन करतात आणि व्हेल्वेटला त्याने काहीच होत नाही. ज्या टँकमध्ये व्हेल्वेट आला-गेला हे ठाऊक नाही तिथे मी तांब्यावरच विसंबेन. शिवाय उतरवणं लवकर जमतं, परत चढवणं मात्र कित्येक दिवस घेऊन करावं लागतं. अनेकजण तिथे घाई करतात.

प्रवाळवेडा

माशांबद्दल सगळं आलंय, मी दगड आणि प्रवाळांकडे वळतो. तेही याच आजाराचं वाहन आहेत.

हलवायच्या दिवशी जुनी वाळू नव्या टँकमध्ये नेऊ नका. खोल थरात ऑक्सिजन नसतो, तिथे हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो. सडक्या अंड्याचा वास आला तर तोच. ढवळलं की तो आणि सगळा साचलेला मळ एकदम पाण्यात येतो. नवी वाळू घ्या, आधी धुऊन. जीवाणूंची खरी वस्ती दगडांत असते, त्यामुळे वाळू सोडल्याने टँकची सायकल (जीवाणूंनी अमोनिया पचवण्याची साखळी) बिघडत नाही. जुनं पाणीही नेलंच पाहिजे असं नाही, त्यात जीवाणू नगण्य असतात.

नवं पाणी आरओ-डीआयचं (गाळून क्षारमुक्त केलेलं), आदल्या दिवशी मिसळून, पंप आणि हीटर लावून फिरत ठेवलेलं. घनता १.०२५ ते १.०२६, तापमान जुन्या टँकएवढं. रिफ्रॅक्टोमीटर (क्षार मोजायचं उपकरण) साध्या पाण्यावर शून्य करून थांबू नका, ३५ पीपीटीच्या द्रावणावर तपासा. शून्याला बरोबर आणि ३५ ला चूक दाखवणारे पुष्कळ असतात.

दगड एका बादलीत मिठाच्या पाण्यात हलवून मळ झटका आणि ओलेच न्या. बंद डब्याचा फिल्टर असेल तर तो तासन्‌तास बंद पडू देऊ नका, आतले जीवाणू गुदमरतात आणि परत चालू केला की ती सगळी घाण टँकमध्ये येते.

प्रवाळांच्या अंगात इक राहत नाही, पण ज्या तुकड्यावर ते चिकटवलेले असतात त्यावर कोश असू शकतो. गोगलगायीच्या शंखावर, खेकड्याच्या कवचावरही. म्हणून ते सगळे माशांविना टँकमध्येच ७६ दिवस राहू देत. पुढेही नवा प्रवाळ आणलात तर तो आधी मासे नसलेल्या छोट्या टँकमध्ये तेवढेच दिवस ठेवा. प्रवाळाच्या डिपने (थोडा वेळ औषधी पाण्यात बुडवल्याने) चपटे कृमी आणि कीटक पडतात, कोश मरतोच असं नाही.

मीनाक्षी

नवा टँक अडीच महिने माशांविना राहिला तर जीवाणू उपाशी नाही का मरणार?

प्रवाळवेडा

गोगलगायी, खेकडे, कोळंबी आहेत ना, त्यांना थोडं थोडं खाणं टाकत राहायचं. त्यांच्या विष्ठेतून अमोनिया मिळतो. आणि मासे एकदम सगळे न सोडता दोन-तीन टप्प्यांत सोडायचे, म्हणजे जीवाणूंना वाढायला वेळ मिळतो. उलट हा रिकामा काळ प्रवाळांना फार मानवतो. कोपेपॉड तर इतके वाढतात की मँडरीन परत येईल तेव्हा त्याचं ताट भरलेलं असेल.

सागरिका (धागाकर्ती)

हे वाचून खरंच धीर आला. मग रॉयल ग्रामा आणि कोल टँग क्वारंटाइनमध्ये यांच्याबरोबरच आणू? एकदाच सगळं होऊन जाईल.

दर्यावर्दी

आणायचे तर तांबं सुरू करण्याच्या दिवशी किंवा आधी. मधेच नवा मासा घातला तर सगळ्यांचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. पण शंभर-सव्वाशे लिटरमध्ये दोन टँग ठेवणं मला पटत नाही. एकमेकांना शेपटीजवळच्या काट्याने फाडतील. ग्रामा बरोबर घ्या. कोल टँगला नंतर स्वतंत्र क्वारंटाइन द्या आणि सर्वांत शेवटी, पण यलो टँगबरोबर एकाच दिवशी नव्या टँकमध्ये सोडा. आधी आलेला टँग संपूर्ण टँकवर हक्क सांगतो.

प्रवास करून पिशवीत आलेल्या माशाबद्दल एक : पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठल्याने पीएच उतरलेला असतो, त्यामुळे आतला अमोनिया त्या वेळी फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच वर जातो आणि तोच अमोनिया मासा जाळतो. तेव्हा लांबून आलेला मासा उघड्या पिशवीत तासभर थेंब-थेंब पाणी घालत ठेवू नका. पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवा, विक्रेत्याला पाण्याची घनता आधीच विचारून क्वारंटाइन टँक तेवढ्याच घनतेचा करा आणि पिशवी उघडल्यावर लगेच मासा आत. पिशवीचं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही.

शिंपला

यात माझी एक भर. क्वारंटाइनमध्ये घालण्याआधी प्रत्येक माशाला गोड्या पाण्याचा डिप द्या, ३ ते ५ मिनिटं. पाणी क्लोरीनविरहित, तापमान आणि पीएच टँकएवढं, हवेचा दगड चालू. भांडं गडद रंगाचं घ्या. फ्लूक असतील तर पांढरे होऊन तिळासारखे तळाला पडतात आणि उपचार किती जोरात करायचा ते आधीच कळतं. इक याने जात नाही, तो कातडीखाली सुरक्षित असतो. मासा आडवा पडून तडफडायला लागला तर लगेच काढा. मँडरीन आणि फायरफिशला हे देऊ नका, उगीच धोका नको.

पकडायला जाळीपेक्षा पारदर्शक डबा वापरा. टँगचा काटा जाळीत अडकतो, आणि अंगावरचा थर खरवडला गेला की परजीवी व जीवाणूंना दार उघडं होतं. दगड काढून झाल्यावर, पाणी खाली आणून, दिवे मंद करून पकडलं तर कोणाचीच धावपळ होत नाही.

सागरिका (धागाकर्ती)

मग असं ठरवते. स्पंज आज रात्रीच संपमध्ये टाकते. तो तयार होईपर्यंत मँडरीनला गोठवलेलं खायला शिकवते. तोपर्यंत नव्या टँकमध्ये मिठाचं पाणी फिरत राहील. मग एका दिवशी दगड-प्रवाळ इकडे, मासे तिकडे. क्लाउनफिश, फायरफिश, रास, टँग आणि ग्रामा तांब्यात, मँडरीन टँक-ट्रान्स्फरवर. काही राहिलं का?

दर्यावर्दी

दोन गोष्टी. ७६ दिवसांची मोजणी नव्या टँकमध्ये पाणी भरल्यापासून नाही, दगडांजवळून शेवटचा मासा निघाला त्या दिवसापासून. आणि मँडरीनचे १२ दिवस झाले म्हणून त्याला लवकर नव्या टँकमध्ये सोडायचा मोह होईल. नको. ते ७६ दिवस संपेपर्यंत तो वेगळ्या टँकमध्येच राहील. तेव्हा त्याच्यासाठी दुसरीकडून आणलेल्या, मासे कधीच नसलेल्या शैवालाचा गोळा घालून कोपेपॉड वाढवायला आजच सुरुवात करा. जुन्या संपमधलं शैवाल त्यासाठी चालणार नाही.

सागरिका (धागाकर्ती)

जुन्या संपमधलंच घेणार होते! बरं झालं विचारलं. आणि सिक्स-लाइन रासला झोपायला वाळू लागेल का? काही रास वाळूत गाडून घेतात ना?

शिंपला

सिक्स-लाइन वाळूत जात नाही. रात्री पाइपमध्ये शिरून स्वतःभोवती चिकट कोश करून झोपतो. सकाळी पाण्यात पारदर्शक पडदा तरंगताना दिसला तर कातडी सुटली असं समजून घाबरू नका. वाळूत झोपणारा रास पुढे कधी आणलात, तर काचेच्या वाडग्यात थोडी सिलिका वाळू ठेवा. प्रवाळी वाळू नको, ती तांबं शोषते.

संथ_लाट

सागरिकाताई, क्वारंटाइनमध्ये मासे गेल्यावर पहिले काही दिवस अमोनियाचे आकडे इथेच टाकत जा. कमी-जास्त झालं तर कोणीतरी लगेच सांगेल.

सागरिका (धागाकर्ती)

नक्की टाकते. स्पंज संपमध्ये गेला आहे. दोन घातले, एक तांब्याच्या टँकसाठी. दुसऱ्याचं काय करू, मँडरीनच्या टँकला लावू?

दर्यावर्दी

नाही, त्यावर कोश असतील आणि मँडरीनला तांबं नाही. टँक-ट्रान्स्फरमध्ये फिल्टर लागतच नाही, दर तीन दिवसांनी पाणी पूर्ण नवं असतं. अमोनिया मात्र रोज बघा, तिथे तांबं नसल्याने बांधणारं रसायन वापरता येईल. दुसरा स्पंजही तांब्याच्या टँकमध्येच लावा. टँग मोठा आहे, दोन्ही लागतील.